शिरस्नानाची सक्ती

पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कना सगळे ‘अनुस्वार’ म्हणत. एक तर ते बुटके आणि गोल होते, आणि दुसरं म्हणजे ते कायम कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर बसलेले असत. रजेच्या अर्जात ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ पडलं, की अर्ज परत. तो शुद्ध होऊन येईपर्यंत माणसाचा ताप उतरून तो कामावर हजरही झालेला असे. आपल्याला हे नाव पडलंय हे अनुस्वारांना ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. अनुस्वाराला कमी लेखू नये, असं ते नव्या कारकुनांना बजावत. एकदा या कार्यालयातून वर गेलेल्या पत्रात ‘झालेल्या विलंबाबद्दल खत वाटते’ असं छापून गेलं होतं, आणि वरून ‘किती पोती?’ अशी विचारणा आली होती. तेव्हापासून कार्यालयातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद अनुस्वारांच्या लाल पेन्सिलीखालून जायचा.

अशा माणसाला साहेबांनी हेल्मेटचं परिपत्रक काढायला सांगितलं, आणि इथूनच सगळं बिघडलं.

साहेबांना हे सुचायला कारण होतं. कार्यालयातला एक फिटर मोटरसायकलवरून पडला आणि डोक्याला टाके घालून घरी बसला. साहेब भित्रे नव्हते, पण भेटायला गेले तेव्हा फिटरने त्यांना ‘आई’ म्हणून हाक मारली, त्याने ते हादरले. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच खिडकीत उभे राहून फाटकाकडे बघू लागले. लोकांकडे हेल्मेटं नव्हती असं नाही. होती, फक्त डोक्यावर नव्हती. कुणाचं आरशाला लटकत होतं, कुणाचं कोपरात अडकवलेलं होतं, तेव्हा निदान कोपर तरी सुरक्षित होतं. एकाने त्यात पाने-पक्कड भरून ते गाडीच्या टाकीवर ठेवलं होतं. विचारलं की प्रत्येकाकडे उत्तर तयार. मीटर वाचणारे म्हणायचे, दर घरी खड्ड्यात डोकं घालून मीटर बघायचं, मग दर घरी काढा-घाला कोण करणार? स्टोअरकीपरला सगळे ‘गोटा’ म्हणत, कारण त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. तो म्हणायचा, माझ्या डोक्यावर ते गोल फिरतं हो, वळताना मी उजवीकडे बघतो आणि हेल्मेट डावीकडे. खुद्द अनुस्वारही एका जुनाट मोटरसायकलवरून मोकळ्या डोक्याने येत. त्यांचं म्हणणं, आपली गाडी ज्या वेगाने चालते त्या वेगाने माणूस पडत नाही, फार तर उतरतो.

अपवाद एकच, अनुस्वारांचे जावई. तेही याच कार्यालयात मीटर वाचायचे. लग्नाआधी तेही केस उडवत गाडी हाणणाऱ्यांतले होते. पण लग्न झाल्यावर अनुस्वारांच्या मुलीने रुसवे धरले, गाडीची किल्ली लपवली, एकदा तर रस्त्यात गाडीवरून उतरून ती पायी माहेरी आली. शेवटी जावई शरण आले आणि सकाळी दाराबाहेर पडायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लावू लागले.

अनुस्वार परिपत्रक लिहायला घरी बसले. बायको भाजी निवडत होती.

“अहो, हेल्मेट लिहा की सरळ. शेंबड्या पोरालाही कळतं.”

“हेल्मेट हा आपला शब्द आहे का?”

“शब्द नसेल आपला. डोकं तर आपलंच ना?”

अनुस्वारांनी अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं होतं. त्यांनी शब्द घातला ‘शिरस्त्राण’. शिराचं त्राण करतं ते शिरस्त्राण, म्हणजे डोक्याचं रक्षण करणारं. शब्द इतका छान जमला, की त्यांनी तो परिपत्रकात जागोजागी पेरला, आणि अक्षरही लफ्फेदार काढलं. लफ्फेदार म्हणजे ‘त्र’ची शेपटी ‘ण’च्या पोटात गेलेली, आणि ‘ण’ जरासा ‘न’सारखा लाजलेला.

दुसऱ्या दिवशी तो कागद टायपिस्टबाईंकडे गेला. शिरस्त्राण हा शब्द त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. शिरस्नान मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं, डोक्यावरून आंघोळ. कार्यालय पाण्याचं, आदेश आंघोळीचा, त्यांना काहीच खटकलं नाही. त्यांनी सगळीकडे ‘शिरस्नान’ टाइप केलं आणि कागद तपासायला अनुस्वारांपुढे ठेवला. अनुस्वारांनी लाल पेन्सिल सरसावली. ‘बंधनकारक’वरचं टिंब पुसट उमटलं होतं, ते ठसठशीत करून घेतलं. एक स्वल्पविराम उडवला. बाकी शब्द त्यांचे स्वतःचेच असल्यामुळे डोळ्यांना जे दिसायला हवं होतं तेच दिसलं. त्यांनी झोकात सही केली.

फलकावर लागलेलं परिपत्रक असं होतं: ‘दुचाकीवरून येणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना शिरस्नान बंधनकारक आहे. शिरस्नानाशिवाय कोणासही फाटकातून आत सोडले जाणार नाही. मागे बसणाऱ्यासही शिरस्नान आवश्यक. शिरस्नान पूर्ण असावे, कपाळापुरते नसावे. ते हनुवटीखाली घट्ट बांधलेले असावे व कार्यालयात आल्यावर खुंटीला अडकवावे.’

फलकापुढे गर्दी जमली. आंघोळ करणं ठीक, पण ती हनुवटीखाली बांधायची कशी, आणि खुंटीला अडकवायची कशी, यावर बराच खल झाला. शेवटी गोट्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

“अरे, टॉवेल! डोकं धुवायचं, टॉवेल गुंडाळायचा, हनुवटीखाली गाठ मारायची आणि इथे येऊन वाळत घालायचा. साहेबांचं डोकं बघा कसं चालतं!”

हेल्मेट घाला म्हटलं असतं तर याच लोकांनी मोर्चा काढला असता. डोकं धुवायला कुणाची हरकत नव्हती. शिवाय आता हेल्मेट न घालायला सरकारी कारणच मिळालं होतं. ओल्या केसांवर हेल्मेट कोण घालणार?

सोमवारी सकाळी अनुस्वार नवं कोरं हेल्मेट घालून निघाले. परिपत्रक आपणच काढलेलं, तेव्हा मन मारून त्यांनी ते विकत आणलं होतं. आत त्यांना स्वतःचाच श्वास ऐकू येत होता आणि बाहेरचं जग विहिरीतून बोलल्यासारखं वाटत होतं. फाटकापाशी मोटरसायकलींची रांग लागलेली. प्रत्येकाच्या डोक्याला टॉवेल, टॉवेलची गाठ हनुवटीखाली. दाढदुखीच्या दवाखान्याबाहेर रांग लागावी तसं ते दृश्य होतं. वॉचमन एकेकाचा टॉवेल उचलून आत बोटं घालून बघत होता.

“ओलं आहे. जा. तुमचं? ओलं. जा. काका, ते टोपडं काढा आणि डोकं दाखवा.”

“हे टोपडं नाही! हेच तर…”

“कोरडं आहे,” वॉचमन त्यांचं हेल्मेट काढून घेत म्हणाला. “काका, तुम्हीच आदेश काढायचा आणि तुम्हीच कोरडे यायचं?”

फाटकाशेजारी नळ होता. वॉचमन आज्ञाधारक माणूस होता. अनुस्वारांनी पुढचं वाक्य पूर्ण करायच्या आत त्यांच्या टाळूवर पाण्याचा मग रिकामा झाला.

ओथंबत ते फलकापुढे आले आणि परिपत्रक वाचू लागले. पहिल्या ओळीत शिरस्नान. दुसऱ्या ओळीत शिरस्नान. खाली त्यांची सही, झोकदार. केसांतून पाणी निथळत होतं तरी त्यांना दरदरून घाम फुटला. इतक्या वर्षांत ज्यांनी दुसऱ्याच्या लेखणीतून एक काना सुटू दिला नाही, त्यांच्या नाकाखालून आख्खी आंघोळ निघून गेली होती.

शहाण्या माणसाने तिथल्या तिथे चूक कबूल केली असती. पण त्याच वेळी साहेबांनी बोलावलं.

“काय हो, हे शिरस्नान काय प्रकार आहे? मी तर हेल्मेटचं…”

साहेबांच्या खोलीत गोटा होता, टायपिस्टबाई होत्या आणि ज्यांचे ज्यांचे अर्ज अनुस्वारांनी परत पाठवले होते असे दोन कारकून दारात रेंगाळत होते. त्या दोघांचे आशाळभूत चेहरे अनुस्वारांनी पाहिले, आणि तोंडातून भलतंच निघून गेलं.

“साहेब, अपघात कशाने होतात? डोकं तापल्याने. माणूस चिडतो आणि गाडी हाणतो. डोकं थंड असेल तर वेग आपोआप कमी. हेल्मेट पडल्यावर उपयोगी. शिरस्नानाने माणूस पडतच नाही.”

साहेबांनी टेबलावर थाप मारली.

“वा! याला म्हणतात मुळावर घाव!”

त्या संध्याकाळी अनुस्वारांनी नवं हेल्मेट घरी नेऊन माळ्यावर टाकलं. शिरस्नानाच्या जनकाने हेल्मेट घालून हिंडणं बरं दिसलं नसतं.

इथेही प्रकरण थांबलं असतं, पण शेजारी निवृत्त मास्तर राहात. शेजारी निवृत्त मास्तर असला की कुठलंच प्रकरण थांबत नाही. त्यांनी परिपत्रकाची बातमी ऐकली आणि गॅलरीतूनच विचारलं, “तुम्ही लिहिलंत म्हणे ते? ‘शिरस्नान’? विसर्ग कुठाय? ‘शिरःस्नान’ हवं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

हा घाव वर्मी बसला. चुकीचा शब्द पडला होता ते एक वेळ ठीक, पण तो चुकीचा शब्दही चुकीचा लिहिला गेला होता. अनुस्वारांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शुद्धिपत्रक काढलं: ‘शिरस्नान’ ऐवजी ‘शिरःस्नान’ असे वाचावे. मूळ चूक सुधारायची सोन्यासारखी संधी होती, ती त्यांनी दोन टिंबांवर घालवली. लोकांनी दोन टिंबांचा अर्थ दोनदा असा लावला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतरही फाटकावर डोकी भिजू लागली.

आठवडाभरात कार्यालयाला सर्दी झाली. तक्रार नोंदवायला आलेल्या माणसाला आधी शिंका ऐकाव्या लागत, मग पाणी का येत नाही ते. कर्मचारी संघटनेने शाम्पू भत्ता मागितला. गोट्याने अर्ज दिला, की आपल्या बाबतीत शिरःस्नान आणि तोंड धुणे यांतली सीमारेषा कुठे धरायची याचा खुलासा व्हावा. फाटकापुढे नळाचं पाणी साचून बुळबुळीत थर धरला. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन आल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, “आमच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि इथे टकलं धुताय!”

हे सगळं अनुस्वारांनी पचवलं असतं. अपमान गिळायची सवय होते, आणि ते तर आता मानाच्या जागी होते. लोक त्यांना ‘थंड डोक्याचे काका’ म्हणू लागले होते. पण एका संध्याकाळी मुलगी घरी आली. चपलाही न काढता दारातच उभी राहिली.

“बाबा, यांनी हेल्मेट सोडलं.”

“कुणी?”

“कुणी काय? तुमच्या जावयांनी! किती भांडले होते मी तेव्हा. सकाळी डोकं धुतात, टॉवेल बांधतात आणि जातात. मी म्हटलं हेल्मेट घाला, तर म्हणतात, मामांचा आदेश आहे, मामा विचार केल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाहीत. बाबा, ते दिवसभर रस्त्यावर असतात हो!”

तिला रडू फुटलं. बायको आतून आली आणि तिने मुलीला जवळ घेतलं.

त्या रात्री अनुस्वारांना झोप लागली नाही. आपल्या एका शब्दावर आख्ख्या कार्यालयात मनापासून विश्वास ठेवणारा माणूस एकच, आणि तो आपला जावई, याचं त्यांना कौतुकही वाटलं आणि धास्तीही. सकाळी त्यांनी जावयांना कोपऱ्यात गाठलं.

“जावईबापू, तुम्ही आपलं हेल्मेट घालत जा. तुमच्यापुरतं.”

“छे छे, मामा! घरचाच माणूस आदेश मोडतो म्हटल्यावर लोक तुम्हाला काय म्हणतील? तुमची मान खाली जाईल असं मी काही करणार नाही.”

“अहो, पण…”

“तुम्ही निश्चिंत राहा,” जावई म्हणाले आणि टॉवेलची गाठ घट्ट करून निघून गेले. चूक झाली, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. अनुस्वारांच्या तोंडून ते निघाले नाहीत.

त्यात मुख्य कार्यालयातून बोलावणं आलं, योजना समजावून सांगायला या. अनुस्वारांची मोटरसायकल नेमकी त्याच दिवशी रुसली, म्हणून जावई त्यांना मागे बसवून घेऊन गेले. तिथे मोठ्या साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. योजना स्तुत्य आहे म्हणाले, बिनखर्चाची आहे म्हणाले. येत्या सोमवारपासून आपल्या सगळ्या कार्यालयांत शिरःस्नान लागू करू. विसर्गासकट, असं त्यांनी हसून जोडलं. अनुस्वारांनी तोंड उघडलं. तेवढ्यात कुणी तरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि ते तोंड तसंच मिटलं.

परतीच्या वाटेवर ते जावयांच्या मागे बसले होते. टॉवेल वाऱ्याने मागे सरकला होता आणि जावयांचं डोकं त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. इतक्या जवळून त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. केस ओले, मानेवर चिकटलेले. उजव्या कानामागे एक तीळ. कान जरासे बाहेर आलेले, शाळेत मार खाणाऱ्या पोरासारखे. एवढं उघडं डोकं आणि भोवताली केवढं कठीण जग, हे अनुस्वारांना आज पहिल्यांदा दिसलं. फुटपाथच्या कडा दगडी, खांब लोखंडी. शेजारून ट्रक गेला तेव्हा त्याचं चाक जावयांच्या डोक्याइतकं उंच होतं. प्रत्येक वळणाला ते “हळू, हळू” म्हणत होते, आणि जावई म्हणत होते, “मामा, डोकं अगदी थंड आहे.”

कार्यालय सुटलं होतं, फाटक उघडं होतं. गाडी आत वळली आणि नळाखालच्या बुळबुळीत थरावर पुढचं चाक गेलं. वेग अगदी थोडा होता. अनुस्वारांच्या सिद्धांताप्रमाणे या वेगाला माणूस पडत नाही, उतरतो. दोघेही पडले.

गाडी आडवी होत असताना अनुस्वारांनी ना सीट धरली, ना स्वतःला सावरलं. त्यांनी दोन्ही हातांनी मागून जावयांचं डोकं धरलं आणि छातीशी गच्च आवळलं. दोघे तसेच एका कुशीवर आपटले आणि चिखलातून घसरत नळाच्या ओट्याशी जाऊन थांबले.

“मामा, अहो काय करताय? सोडा, श्वास कोंडतोय!”

“डोकं धरलंय तुमचं!” अनुस्वार ओरडले. “लागलं का? डोक्याला लागलं का?”

“नाही हो. कोपर खरचटलंय फक्त. तुमचा हात बघा, मामा, हात!”

जावयांचं डोकं आणि ओट्याची कडा यांच्यामध्ये अनुस्वारांचा उजवा हात होता. बोटांची सालटी निघाली होती आणि दोन बोटं बघता बघता सुजली. वॉचमन धावत आला आणि त्याने जावयांचाच टॉवेल हाताला गुंडाळला.

“आधी दवाखाना,” जावई म्हणाले.

“आधी शुद्धिपत्रक,” अनुस्वार म्हणाले आणि चिखलाचे पाय उमटवत जिना चढले.

टायपिस्टबाई पर्स खांद्याला लावून निघतच होत्या. अनुस्वारांचा अवतार पाहून त्या मटकन खुर्चीत बसल्या.

“बाई, यंत्र सुरू करा. मला लिहिता येत नाही, मी सांगतो ते टाइप करा. ‘शिरःस्नान’ ऐवजी ‘हेल्मेट’ असे वाचावे.”

बाईंची बोटं थांबली. “हेल्मेट? काका, तुम्ही? ‘शिरस्त्राण’ नको? परवा मी शब्दकोशात बघितला खरा शब्द कुठला असणार तो. मीच वाचताना चुकले. मी घाबरले, म्हणून बोलले नाही.”

“हेल्मेटच. आणि पुढे लिहा, चूक माझी.”

“अहो, पण वाचलं मी चुकीचं.”

“सही कुणाची आहे? लिहा. मुख्य कार्यालयालाही हेच आत्ता पाठवा. चूक माझी.”

यंत्रातून कागद बाहेर आला. अनुस्वारांनी तो डाव्या हाताने उजेडात धरला. ‘चुक माझी’ असं उमटलं होतं, ‘चु’ ऱ्हस्व. त्यांचा उजवा हात सवयीने खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला, टॉवेलसकट खिशाला धडकला आणि कळ थेट खांद्यापर्यंत गेली.

“काही दुरुस्ती, काका?” बाईंनी विचारलं.

खिडकीतून खाली फाटक दिसत होतं. जावयांनी गाडी उभी केली होती, किक मारून बघत होते, आणि गाडी सुरू होत होती.

अनुस्वार कागद घेऊन तसेच खाली धावले. जावयांनी कागद वाचला. सासऱ्यांच्या हाताखाली ते बरेच तयार झाले होते.

“मामा, ‘चूक’ ऱ्हस्व पडलंय.”

“असू द्या. हेल्मेट कुठाय तुमचं?”

“घरी.”

“मग किल्ली काढा.”

जावयांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली काढली. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता आणि तिथून घर बरंच लांब. जावई हँडल धरून चालू लागले, आणि अनुस्वार डाव्या हाताने मागून गाडी ढकलू लागले.